वैमानिकाची नोकरी : कोणत्या रांगेत उभे राहावे?

कलाशाखेच्या वार्षिकात वैमानिकांच्या नोकरीवर लेख कशाला, असा प्रश्न कोणाही वाचकाच्या मनात येईल. आपल्यापैकी कोणी उद्या अमेरिकेत जाऊन विमान चालवणार आहे, अशातला भाग नाही. परंतु अर्थशास्त्राच्या तासाला श्रमबाजाराचे प्रकरण चालू असताना सर म्हणाले, की कामगार धंदा तोच ठेवून मालक बदलतो, तेव्हा त्याचा अनुभव त्याच्याबरोबर जातो आणि अनुभवाची किंमतही जाते. हे सगळ्याच धंद्यांत खरे आहे काय, याचा शोध घेताना अमेरिकेतील वैमानिकांचा विषय हाती लागला. तेथे अनुभव बरोबर जातो, परंतु त्याने मिळवलेली जागा मागे राहते. माझे वडील एस. टी.मध्ये चालक आहेत. 'सेवाज्येष्ठता' आणि 'मुक्कामाची गाडी' हे शब्द मी शाळेत जाण्यापूर्वीच ऐकले होते. त्यामुळे हा विषय मला परका वाटला नाही.

प्रथम प्रादेशिक विमान कंपनी म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत १९७८ साली कायदा करून विमानांचे भाडे आणि मार्ग यांवरील सरकारी नियंत्रण उठवण्यात आले. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी एकेक मोठे विमानतळ केंद्र धरून भोवतालच्या गावांचे प्रवासी तेथे आणावयाचे व पुढे पाठवावयाचे, ही पद्धत वाढवली. लहान गावाहून केंद्रापर्यंत मोठे विमान नेणे परवडत नाही. ते काम प्रादेशिक कंपन्या करतात. तिकिटावर आणि विमानाच्या अंगावर 'अमेरिकन ईगल', 'युनायटेड एक्सप्रेस' किंवा 'डेल्टा कनेक्शन' असे नाव असते. चालवणारा वैमानिक मात्र स्कायवेस्ट, रिपब्लिक, एन्व्हॉय, एन्डेव्हर अशा एखाद्या निराळ्याच कंपनीचा नोकर असतो. तिकिटाचा दर ही कंपनी ठरवीत नाही. उड्डाणे करून दिल्याबद्दल मोठी कंपनी तिला कराराप्रमाणे मोबदला देते.

ही विमाने बहुधा ५० ते ७६ आसनांची असतात. ७६ हा आकडा काही यंत्रशास्त्राने ठरवलेला नाही. मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांच्या संघटनांनी आपल्या करारात कलम घालून घेतले आहे, की याहून मोठे विमान बाहेरच्या कंपनीकडून चालवून घ्यावयाचे नाही. तसे न केल्यास त्यांचे काम स्वस्त हातांकडे गेले असते. म्हणजे प्रादेशिक कंपनीने किती वाढावे, हे ज्या करारात लिहिले आहे, त्यावर तिची किंवा तिच्या वैमानिकांची सहीच नसते.

अशा कंपनीत सहवैमानिक म्हणून शिरण्यासाठी सर्वसाधारणपणे १५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव लागतो. विमानविद्येची मान्यताप्राप्त पदवी असल्यास १००० तास, लष्करी वैमानिकास ७५० तास पुरतात. आपल्या देशात व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे १५०० या आकड्याचे वजन कळते. बहुतेक तरुण इतरांना विमान शिकवण्याची नोकरी करून हे तास पुरे करतात, आणि पुष्कळांच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज असते. इतके झाल्यावर एकापेक्षा अधिक कंपन्या त्यास बोलावतात. मग कोणाकडे जावे?

हा प्रश्न पगाराचा आहे असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः तो रांगेचा आहे. वैमानिक ज्या दिवशी रुजू होतो, त्या दिवशी त्याला सेवाज्येष्ठतेच्या यादीत एक क्रमांक मिळतो. एकाच दिवशी आलेल्यांत कोण वर, यालाही नियम असतो. काही कंपन्यांत वयाने मोठा तो वर धरतात. पुढे कोणत्या शहरात नेमणूक, कोणते विमान, महिन्याचे वेळापत्रक कसे, नाताळात घरी कोण राहणार, कप्तानपद कोणास आधी आणि मंदी आली तर घरी कोणास आधी बसवायचे, हे सर्व त्या क्रमांकावरून ठरते. उत्तम विमान चालवणाऱ्याचा क्रमांक त्यामुळे वर सरकत नाही. वर सरकण्याचे मार्ग दोनच : पुढच्याने निवृत्त व्हावे वा निघून जावे, किंवा मागे नवी भरती होऊन कंपनी वाढावी.

हा अन्याय आहे असे कोणी म्हणेल. परंतु याला दुसरी बाजू आहे. विमानात दोष दिसला म्हणून उड्डाणास नकार देणाऱ्या कप्तानाला साहेबाची मर्जी सांभाळावी लागू नये, हे प्रवाशांच्याच हिताचे आहे. यादी असली म्हणजे मर्जीला वाव राहत नाही. वैमानिकांच्या संघटना ज्येष्ठतेला एवढ्या चिकटून असतात, त्याचे हे एक कारण होय.

अडचण येते ती कंपनी सोडताना. दहा हजार तास विमान चालवलेला कप्तान दुसऱ्या कंपनीत गेला, तर तेथे तो यादीत शेवटचा. पुन्हा सहवैमानिकाची उजवी खुर्ची आणि पुन्हा नवख्याचा पगार! आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने विनंतीवरून दुसऱ्या जिल्ह्यात बदली घेतली, की नव्या जिल्ह्यात त्याची ज्येष्ठता शेवटून धरतात, तसेच हे. म्हणून 'आधी एक नोकरी धरू, पटली नाही तर बदलू' हे आपले नेहमीचे धोरण तेथे फार महाग पडते.

आता निवड करताना कोणत्या गोष्टी पाहाव्या लागतात, त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिली गोष्ट तळ. ज्या विमानतळावरून वैमानिकाची ड्यूटी सुरू होते व जेथे संपते, तो त्याचा तळ. घर तळाच्या गावी नसेल, तर तळापर्यंत पोचणे ही त्याची स्वतःची जबाबदारी. विमानात रिकामी जागा मिळाली तर फुकट जाता येते. न मिळाल्यास आदल्या दिवशीच निघावे लागते. म्हणून तळाच्या गावी अनेक वैमानिक मिळून एखादे घर भाड्याने घेतात आणि तेथे ओळीने टाकलेल्या खाटांपैकी एकीवर रात्र काढतात. नव्या वैमानिकास ठराविक वेळापत्रक बहुधा मिळत नाही. राखीव म्हणून फोनची वाट पाहावी लागते. ज्याचे घर तळाच्याच गावी, तो ही वाट घरी बसून पाहतो. दुसरा ती परक्या गावातील खाटेवर पाहतो, आणि ते दिवस त्याच्या सुटीत धरले जात नाहीत. मुक्कामाच्या गाडीवरचा चालक निदान दुसऱ्या दिवशी आपल्याच डेपोत परततो. येथे ड्यूटी संपल्यावर घराचा प्रवास सुरू होतो.

ही केवळ गैरसोय नव्हे, हे एका अपघाताने दाखवून दिले. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री न्यूअर्कहून बफेलोकडे निघालेले कोल्गन एअरचे ३४०७ क्रमांकाचे विमान उतरण्यापूर्वी कोसळले. विमानातील सर्व ४९ आणि ज्या घरावर ते पडले त्यातील एक, असे ५० लोक मरण पावले. तिकिटावर नाव कॉन्टिनेन्टलचे होते. विमान तोल सोडण्याच्या बेतात असल्याची सूचना मिळताच कप्तानाने उलट कृती केली, हे कारण चौकशीत ठरले. परंतु त्याबरोबर आणखी काही गोष्टी उजेडात आल्या. सहवैमानिक तरुणी आदल्या रात्री देशाच्या दुसऱ्या टोकाहून, सिॲटलहून, मालवाहू विमानांतून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. कप्तानाचे घर फ्लोरिडात होते व त्याने आदली रात्र विमानतळावरील कर्मचाऱ्यांच्या खोलीत काढली होती. मृतांच्या कुटुंबीयांनी पाठपुरावा केला, २०१० साली कायदा झाला, २०१३ पासून सहवैमानिकालाही १५०० तासांची अट लागू झाली आणि २०१४ च्या जानेवारीपासून विश्रांतीचे नवे नियम आले. त्या दोघांचेही १५०० हून अधिक तास झालेले होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. तासांनी अनुभव मोजता येतो, झोप मोजता येत नाही.

दुसरी गोष्ट, कंपनीची दोरी कोणाच्या हाती आहे. एन्व्हॉय, पीएसए आणि पीडमॉन्ट या तीन कंपन्या अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या आहेत. एन्डेव्हर डेल्टाच्या, होरायझन अलास्काच्या मालकीची आहे. स्कायवेस्ट व रिपब्लिक स्वतंत्र असून एकाहून अधिक मोठ्या कंपन्यांसाठी उड्डाणे करतात. मालकीच्या कंपनीस आधार असतो, तर स्वतंत्र कंपनी एक करार गेला तरी दुसऱ्यावर तगते. परंतु दोहोंतही खात्री नाही. कॉमएअर ही डेल्टाच्या पूर्ण मालकीची कंपनी डेल्टानेच २०१२ साली बंद केली. २०२० साली महामारीच्या वर्षी ट्रान्स स्टेट्स आणि कंपास या कंपन्या एप्रिलमध्ये बंद पडल्या, आणि युनायटेडने काम काढून घेतल्यावर एक्सप्रेसजेटची त्या नावाखालील उड्डाणे सप्टेंबरअखेर थांबली. कंपनी मिटली म्हणजे यादीही मिटते. वीस वर्षांच्या ज्येष्ठतेचा कागद दुसऱ्या दारात चालत नाही.

तिसरी गोष्ट बढती. कप्तान होण्यास विमान कंपनीच्या सेवेतील १००० तास लागतात, आणि जागा रिकामी असावी लागते. 'आमच्याकडे लवकर कप्तान व्हाल' असे कंपन्या सांगतात. ते खोटे असते असे नाही. पण तो काल भरती झालेल्यांचा अनुभव असतो, उद्याचा करार नव्हे. अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या तिन्ही कंपन्यांतून ज्येष्ठतेच्या क्रमाने थेट मोठ्या कंपनीत जाण्याची वाट आहे. ही वाट मोलाची खरी, कारण मोठ्या कंपनीतही पुन्हा रांग आहेच, आणि निवृत्तीचे वय ६५ असल्याने तेथे एक वर्ष आधी पोचणाऱ्याला ते वर्ष शेवटपर्यंत उपयोगी पडते. मात्र मोठ्या कंपनीने भरती थांबवली, जशी २०२० मध्ये थांबली, की ही वाटही थांबते.

पगाराला मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. पूर्वी या कंपन्यांत सुरुवातीचा पगार फार थोडा असे. पुढे वैमानिकांची टंचाई झाली आणि २०२२ च्या जूनमध्ये पीडमॉन्ट व एन्व्हॉय यांनी नव्या सहवैमानिकाचा दर तासाला ९० डॉलर केला. महिन्याला ७५ तासांची हमी धरली तर वर्षाचे ८१,००० डॉलर होतात. पण हा तास विमान जागचे हलल्यापासून थांबेपर्यंतचा. विमानतळावर ताटकळण्याचे तास या दराने मोजत नाहीत. काही कंपन्या रुजू होताच मोठी रक्कम देतात, आणि ठरलेली वर्षे पुरी न करता सोडल्यास ती परत मागतात. म्हणजे ते बक्षीस नसून एका अर्थी उचल असते.

समजा, एका तरुणीचे घर पोर्टलंडला आहे. त्या भागात होरायझनची उड्डाणे आहेत. दुसरी एखादी कंपनी तिला अधिक रक्कम देऊ करते, पण तळ शार्लटला, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटरहून अधिक दूर. रक्कम एकदाच मिळेल; अंतर दर आठवड्याला कापावे लागेल. आता आणखी एक गुंता असा, की होरायझन सहा महिन्यांनी बोलावणार आणि दुसरी कंपनी उद्याच. रांगेत लवकर उभे राहा, असे एक शहाणपण सांगते. घराजवळच्या रांगेत उभे राहा, असे दुसरे. दोन्ही खरी आहेत. माझे मत विचाराल, तर तरुणीने सहा महिने थांबावे. क्रमांक वर्षांनी सुधारतो, शार्लटचे अंतर कमी होत नाही. मात्र डोक्यावर कर्जाचे हप्ते असतील तर थांबणे सर्वांनाच परवडत नाही, आणि निवडीचे स्वातंत्र्य येथेच कमी-अधिक होते.

आपल्यातील पुष्कळांच्या घरी कॉलेजात येणारे आपणच पहिले. नोकरी लागली की घरातून दोन प्रश्न येतात : पगार किती, आणि कायम आहे का? प्रश्न योग्यच आहेत. ज्यांनी रोजंदारी पाहिली, ते हेच विचारणार. अमेरिकन वैमानिकांच्या या विषयाने मला आणखी तीन प्रश्न दिले. येथे मिळवलेले सोडून जाताना बरोबर काय नेता येईल? आपल्या साहेबाचा साहेब कोण, आणि त्याने करार मोडला तर आपले काय? आणि कामाच्या आदल्या रात्री आपण कोठे झोपणार? नेमणुकीच्या पत्रात ही उत्तरे सहसा लिहिलेली नसतात. सही करण्यापूर्वी ती विचारून घ्यावीत.