संशोधकांचा गट आणि त्याचा प्रमुख

एखाद्या उद्योगसंस्थेला नव्या कल्पनांची निकड भासू लागली की तिचे चालक बहुधा एखाद्या प्रतिभावान माणसाच्या शोधात निघतात. असा माणूस लाभला म्हणजे बाकीचे आपोआप होईल, अशी त्यांची समजूत असते. अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेचे डॉ. मर्व्हिन केली यांची वाट निराळी होती. ज्या गटाने ट्रान्झिस्टरचा शोध लावला तो त्यांच्या पुढाकाराने उभा राहिला. तो कसा उभा राहिला हे जितके उद्बोधक आहे, तितकेच तो का फुटला हेही आहे.

ही प्रयोगशाळा १९२५ मध्ये स्थापन झाली. त्या काळी दूरच्या अंतरावर क्षीण होत जाणारा दूरध्वनीचा संदेश निर्वात नलिकांच्या साहाय्याने पुन्हा सबळ केला जाई, आणि दोन ग्राहकांना जोडण्याचे काम धातूचे हलते रिले करीत. नलिका तापत, पुष्कळ वीज खात आणि अखेर जळून जात. रिले मंदगती होते व झिजत. डॉ. केली यांनी स्वतः निर्वात नलिकांच्या विभागाचा कारभार पाहिलेला असल्यामुळे हे दोष त्यांना कोणी सांगावे लागले नाहीत. महायुद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, घनपदार्थांच्या गुणधर्मांचा मुळापासून अभ्यास करणारा गट नेमण्यात आला.

भौतिकीतज्ज्ञ विल्यम शॉकली आणि रसायनतज्ज्ञ स्टॅन्ली मॉर्गन हे त्याचे संयुक्त प्रमुख होते. गणिती सिद्धान्तात गढलेले जॉन बार्डीन, प्रयोगात हातखंडा असलेले वॉल्टर ब्रॅटन, त्यांचे जोडीदार जेराल्ड पिअर्सन, रसायनतज्ज्ञ रॉबर्ट गिबनी आणि विद्युत्‌मंडले जुळविणारे हिल्बर्ट मूर अशी निरनिराळ्या शाखांची माणसे त्यात होती. बार्डीन रुजू झाले तेव्हा मरे हिल येथील इमारतीत जागाच उरली नव्हती. म्हणून त्यांचे टेबल ब्रॅटन आणि पिअर्सन यांच्या खोलीत मांडण्यात आले. जागेच्या टंचाईचा असा लाभ क्वचितच एखाद्या कार्यालयाला झाला असेल! सिद्धान्त मांडणारा आणि प्रयोग करणारा असे दोघे दिवसभर एकमेकांच्या बोलण्याच्या टप्प्यात आले.

आरंभ अपयशाने झाला. अर्धवाहकावर बाहेरून विद्युत्‌क्षेत्र लावून त्यातील प्रवाह कमीअधिक करता यावा, असे शॉकली यांचे गणित होते. प्रत्यक्षात मात्र काहीच घडेना. बार्डीन यांनी १९४६ मध्ये त्याची उपपत्ती दिली: पदार्थाच्या पृष्ठभागावर अडकून पडलेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या क्षेत्राला आत शिरू देत नसावेत. शॉकली यांनी पृष्ठभागाचे हे काम सहकाऱ्यांवर सोपवून दिले आणि त्यात फारशी ढवळाढवळ केली नाही. येथवर त्यांचे नेतृत्व आदर्शच म्हणावे लागेल. अर्थात, दोन वर्षे निष्पत्तीवाचून थांबण्याची ही ऐपत दूरध्वनीच्या मक्तेदारीतून आलेली होती, हे विसरता कामा नये. स्पर्धेत सापडलेल्या साध्या कारखान्याला ती कोठून असणार?

१९४७ च्या नोव्हेंबरात ब्रॅटन यांचे उपकरण विद्युत्‌वाहक द्रवात बुडविले असता अडथळा दूर होऊ लागला. त्याला विद्युत्‌दाब देऊन पाहावा, ही सूचना गिबनी यांची. त्यानंतरचे काही आठवडे बार्डीन सुचवीत गेले आणि ब्रॅटन करून पाहत गेले. १६ डिसेंबर रोजी प्लास्टिकच्या पाचरीवर चिकटविलेला सोन्याचा वर्ख पात्याने चिरून त्याच्या दोन कडा जर्मेनियमवर टेकविण्यात आल्या, आणि संदेश सबळ होऊन बाहेर पडला. २३ तारखेला वरिष्ठांना त्याचे प्रात्यक्षिक दाखविण्यात आले.

ह्या प्रयोगात शॉकली यांचा हात नव्हता, आणि ते शल्य त्यांना सोसवले नाही. मूळ कल्पना आपली, तेव्हा पेटंटही आपल्या नावे व्हावे, असे त्यांनी सहकाऱ्यांना बोलून दाखविले. परंतु तशाच कल्पनेचे पेटंट ज्यूलियस लिलिएनफेल्ड यांना १९३० मध्येच मिळालेले असल्याचे आढळले, आणि नव्या साधनाच्या अर्जात बार्डीन व ब्रॅटन हीच नावे गेली. जानेवारी १९४८ मध्ये शॉकली यांनी अधिक टिकाऊ अशा संधी-ट्रान्झिस्टरची कल्पना एकट्याने सिद्ध केली. शोध थोर होता यात शंका नाही. पण तो त्यांनी कित्येक आठवडे आपल्याच गटातील ह्या दोघांपासून लपवून ठेवला. प्रमुख आपल्या माणसांचा प्रतिस्पर्धी झाला म्हणजे त्यांनी नवा विचार कोणाजवळ बोलावा? पुढच्या कामात बार्डीन यांना जागा उरली नाही. १९५१ मध्ये ते इलिनॉय विद्यापीठात गेले, आणि अतिसंवाहकतेच्या ज्या उपपत्तीबद्दल त्यांना १९७२ मध्ये दुसरे नोबेल पारितोषिक मिळाले ती तेथे तयार झाली. ब्रॅटन यांनी आपली बदली दुसऱ्या गटात करून घेतली. ट्रान्झिस्टरसाठी तिघांना मिळून नोबेल जाहीर झाले ते १९५६ मध्ये. तोवर गट उरलेला नव्हता.

शॉकली यांनी त्याच वर्षी कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू येथे स्वतःची प्रयोगशाळा थाटली. माणसे पारखण्यात त्यांचा हात धरणारा विरळाच; त्यांनी वेचलेले तरुण एकाहून एक सरस निघाले. मात्र एका क्षुल्लक प्रकारावरून कर्मचाऱ्यांची असत्यशोधक यंत्राने परीक्षा घ्यावी, इथपर्यंत त्यांचा संशय गेला. सप्टेंबर १९५७ मध्ये आठ जण एकदमच बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही कंपनी उभारली. त्यांपैकी रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये इंटेलची स्थापना केली. शॉकली यांचा कारखाना त्याआधीच, १९६० मध्ये, दुसऱ्याच्या हाती गेला होता.