विषय निराळे, तरी वाट मोकळी

आजाराने वा अपघाताने परावलंबी झालेल्या मनुष्यास जेवणे, लिहिणे, कपडे घालणे ही नित्यकर्मे पुन्हा स्वतः करण्यास समर्थ करणे, हे व्यवसायोपचाराचे कार्य. श्रीमती कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या शिक्षणाचा पाया घातला. आपल्याकडे या पदवीसाठी बारावीस भौतिक, रसायन व जीवशास्त्र आवश्यक असते. चित्रकला घेतलेल्यास प्रवेश दुर्लभच.

आयर्लंडमधील मलिंगार गावी शिकणाऱ्या आपल्या मुलांची स्थिती निराळी आहे. तेथील लीव्हिंग सर्टिफिकेट परीक्षेत सर्वोत्तम सहा विषयांचे गुणांक धरतात. चित्रकला, गृहविज्ञान वा बांधकाम यांतील उच्चस्तरीय प्रथम श्रेणीस रसायनशास्त्राइतकेच, म्हणजे १०० गुणांक मिळतात. मात्र डब्लिन, कॉर्क, गॉलवे येथील विद्यापीठांच्या किमान अटी विषय निवडण्यापूर्वीच पाहाव्यात. केवळ गुणांक पुरत नाहीत. तेथे प्रवेश हुकल्यास अन्य शाखेच्या पदवीधरांसाठी लिमरिक विद्यापीठात दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.

पालकहो, पाल्याच्या हातातील रंधा वा कुंचला घाईने काढून घेऊ नका. रुग्णाचे हात पुन्हा कामास लावणाऱ्यास स्वतःच्या हातांची ओळख असणे, हे उणेपण खचित नव्हे.