चढ चढायचाच नाही, तरी सायकलवाले दमतात कसे?

तोंड झाकणारं हेल्मेट, गुडघ्याला पॅड आणि लिफ्टला लटकवलेली सायकल. अशी रील तुम्हीही पाहिली असेल. हा प्रकार म्हणजे डाउनहिल माउंटन बाइकिंग. हिवाळ्यात स्कीइंगसाठी चालणाऱ्या लिफ्ट उन्हाळ्यात सायकली डोंगरावर नेतात.

फ्रेंच आल्प्समधलं 'ले जे' यासाठी प्रसिद्ध आहे. २००४ आणि २०२२ ची माउंटन बाइक जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इथेच झाली.

दिवसभर करतात काय?
लिफ्टने वर, सायकलने खाली, पुन्हा वर. ट्रेलची अवघडता रंगावरून कळते. हिरवा सोपा, मग निळा, लाल आणि सर्वात कठीण काळा.

मग दमतं काय?
मुख्यतः हात. उतारावर सीटवर बसायचं नसतं, पेडलवर उभं राहायचं. सस्पेन्शन सुमारे २०० मिलिमीटर दबतं, तरी उरलेले हादरे मनगटात येतात. सतत ब्रेक दाबून बोटं आखडतात.

धोका कधी?
संध्याकाळी. पासचे पैसे वसूल करायला 'एक शेवटची फेरी' मारावीशी वाटते, पण तोवर ब्रेक नीट दाबण्याइतकी ताकद हातात उरलेली नसते. बोटं आखडली असतील तर काळा ट्रेल सोडा, थांबा. डोंगर उद्याही तिथेच असतो.