झडती आणि गृहस्थाचा हक्क

रात्री दारावर थाप पडते, बाहेरून ‘पोलीस’ एवढाच शब्द ऐकू येतो आणि भलाभला गृहस्थ गांगरून कडी काढतो. काय विचारावे, हे त्याला सुचत नाही. 1961 पूर्वी राजकीय संशयावरून घरांच्या झडत्या सोसलेल्या गोमंतकात तरी हे अज्ञान उरावयास नको होते.

उत्तर प्रदेशातील खरकसिंगाचे प्रकरण या संदर्भात आठवते. 1941 साली दरोड्याच्या आरोपातून तो पुराव्याअभावी सुटला. पण त्याचे नाव पोलीसदप्तरी राहिले आणि चौकीदार रात्री-अपरात्री दार ठोठावून त्याला झोपेतून उठवू लागले. 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरविल्या. खाजगीपणाचा मूलभूत हक्क मात्र त्या न्यायमूर्तींच्या बहुमताला घटनेत सापडला नाही. त्यासाठी 2017 साल उजाडावे लागले!

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तपासी अधिकाऱ्यास निकडीच्या प्रसंगी वॉरंटाविना झडती घेता येते. परंतु त्याआधी त्याने कारणे लेखी नोंदविली पाहिजेत आणि त्या नोंदीची प्रत 48 तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. परिसरातील किमान दोन प्रतिष्ठित, तटस्थ पंच हवेत, घरच्या माणसास हजर राहू दिले पाहिजे, स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यावयाची. झडतीचे ध्वनिचित्रमुद्रणही आता बंधनकारक आहे. ते न केल्यास काय, याविषयी मात्र संहिता मूक आहे.

आणि खरी मेख इथेच आहे. झडती बेकायदा ठरली, तरी तीत सापडलेला पुरावा केवळ त्या कारणाने बाद होत नाही, असे पूरनमल खटल्यात 1973 साली पाच न्यायमूर्तींनी ठरविले. नियम मोडूनही पुरावा पचतो, हे एकदा कळल्यावर नियमांची चाड कोणास राहील? मग पोलिसांच्या ओळखीचेच पंच पुनःपुन्हा पंचनाम्यावर सह्या करताना दिसले, तर नवल कसले! अमली पदार्थांच्या कायद्याखालील अंगझडतीपुरता न्यायालयाने 1999 साली याला अपवाद केला. माणसाच्या खिशाला जे संरक्षण मिळाले, ते त्याच्या घराला का मिळू नये, याचे उत्तर संसदेने द्यावयास हवे.

तोवर गृहस्थाने जप्तीच्या यादीची प्रत जागेवरच मागून घ्यावी. झडतीच्या कारणांची नोंद दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून मिळते. ती विनामूल्य द्यावी, असे संहितेतच लिहिले आहे.