ययाती दीर्घिका समूह
'''ययाती दीर्घिका समूह''' (एबेल ४२६) हा ययाती तारकासमूहाच्या दिशेने दिसणारा, पृथ्वीपासून सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षे अंतरावरील दीर्घिकांचा समूह आहे. त्यात हजाराहून अधिक दीर्घिका असून केंद्रस्थानी एनजीसी १२७५ ही महाकाय दीर्घिका आहे. पृथ्वीवरून पाहता क्ष-किरणांमध्ये हा सर्वांत तेजस्वी दीर्घिका समूह आहे.

दृश्य प्रकाशातील छायाचित्रात दीर्घिकांमधील जागा रिकामी भासते. प्रत्यक्षात ती कोट्यवधी अंश तापमानाच्या, अतिशय विरळ आयनद्रायूने (प्लाझ्मा) भरलेली असते. या वायूचे वस्तुमान समूहातील सर्व ताऱ्यांच्या एकत्रित वस्तुमानाच्या कित्येक पट असते. एवढ्या तापमानाचा वायू प्रामुख्याने क्ष-किरण उत्सर्जित करतो. त्यामुळे केवळ दृश्य प्रकाशात पाहणाऱ्याला समूहातील बहुतांश सामान्य पदार्थ दिसतच नाही.

== अंतराळातून निरीक्षण ==
पृथ्वीचे वातावरण क्ष-किरण शोषून घेते, म्हणून ही निरीक्षणे वातावरणाबाहेरूनच करावी लागतात. या समूहाकडून येणारे क्ष-किरण १९७० मध्ये रॉकेटवरील उपकरणाने टिपले. त्याच वर्षी १२ डिसेंबरला केनियाच्या किनाऱ्याजवळून सोडलेल्या 'उहुरू' उपग्रहाने हे उत्सर्जन एका बिंदूतून नव्हे, तर विस्तृत प्रदेशातून येत असल्याचे दाखवले. १९७६ मध्ये 'एरियल ५' उपग्रहाच्या निरीक्षणांतून वर्णपटात लोहाची रेषा आढळली. उत्सर्जन तप्त वायूचेच आहे, आणि ताऱ्यांच्या पोटात घडलेली मूलद्रव्ये त्या वायूत मिसळली आहेत, या दोन्ही गोष्टी त्यावरून स्पष्ट झाल्या.

क्ष-किरण नेहमीच्या आरशावर समोरून पडल्यास परावर्तित न होता शोषले जातात. पृष्ठभागाला जवळजवळ घासून गेले तरच ते वळतात. म्हणून अशा दुर्बिणींत एकात एक बसवलेले नळीसारखे आरसे वापरतात. १९९९ मध्ये प्रक्षेपित झालेल्या, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाच्या 'चंद्रा' वेधशाळेत आरशांच्या अशा चार जोड्या आहेत.

== थंड न होणारा वायू ==
क्ष-किरणांवाटे ऊर्जा गमावणारा वायू कालांतराने थंड व्हायला हवा. समूहाच्या गाभ्यात तो पुरेसा दाट असल्याने दरवर्षी शेकडो सूर्यांइतका पदार्थ थंड होऊन त्यातून तारे बनावेत, असे गणित सांगते. परंतु तितके तारे तेथे बनताना आढळत नाहीत. अर्थात, वायूला कोठून तरी उष्णता मिळत असली पाहिजे.

याचा माग 'रोसॅट' आणि त्यानंतर चंद्राच्या प्रतिमांत लागला. एनजीसी १२७५ मधील अतिप्रचंड कृष्णविवराजवळून निघणाऱ्या झोतांनी वायूत पोकळ्या निर्माण केल्या आहेत. त्यांच्याभोवती तळ्यातील तरंगांसारखी वलये दिसतात. त्या दाबाच्या, म्हणजेच ध्वनीच्या लहरी मानल्या जातात. त्यांचे एक आवर्तन सुमारे ९६ लाख वर्षांचे आहे. २०२२ मध्ये 'कृष्णविवराचा आवाज' म्हणून सर्वत्र ऐकला गेलेला ध्वनी म्हणजे याच लहरींची वारंवारता ५७ व ५८ सप्तके वर नेऊन केलेले रूपांतर होते. मूळ लहर माणसाच्या कानाच्या आवाक्यात कधीच येणार नाही.

== हितोमी आणि त्यानंतर ==
वायू किती घुसळला जातो, हे प्रतिमांवरून थेट मोजता येत नाही. त्यासाठी वर्णरेषांची रुंदी अचूक मोजावी लागते. जपानच्या 'हितोमी' उपग्रहावरील, निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड ठेवलेले उपकरण प्रत्येक क्ष-किरण कणामुळे होणारी सूक्ष्म तापमानवाढ मोजत असे. १७ फेब्रुवारी २०१६ रोजी प्रक्षेपित झालेला हा उपग्रह २६ मार्चला नियंत्रणप्रणालीतील चुकांमुळे अनियंत्रित फिरू लागला, त्याचे भाग तुटले आणि संपर्क कायमचा तुटला. मात्र त्याआधीच त्याने ययाती समूहाचे निरीक्षण केले होते. गाभ्यातील वायूच्या अस्ताव्यस्त गतीचा वेग सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर, म्हणजे अपेक्षेहून बराच कमी निघाला.

या एका आकड्याला मोठे महत्त्व आहे. वायूचा दाब गुरुत्वाकर्षणाला तोलून धरतो असे गृहीत धरून समूहाचे, पर्यायाने त्यातील कृष्ण पदार्थाचे, वस्तुमान काढले जाते. खळबळ प्रचंड असती, तर हे हिशेब मोठ्या प्रमाणात बदलावे लागले असते. दुसरीकडे, एवढ्या मंद खळबळीतून कृष्णविवराची ऊर्जा संपूर्ण गाभ्यात कशी पसरते, हा प्रश्न अधिकच अवघड झाला.

त्याच प्रकारचे उपकरण असलेला 'एक्सरिझम' उपग्रह सप्टेंबर २०२३ मध्ये प्रक्षेपित झाला. उपकरणापुढील झडप न उघडल्याने कमी ऊर्जेचे क्ष-किरण त्यापर्यंत पोहोचत नाहीत; लोहाच्या रेषा मात्र अधिक ऊर्जेच्या असल्याने त्यांचे मापन होऊ शकते.