एमआरआयपूर्वीचा एक कागद

दुकानाचा हिशेब दर दिवाळीला नेमाने तपासणारा व्यापारी स्वतःच्या शरीराकडे मात्र दुखणे दारात येऊन उभे राहीपर्यंत पाहत नाही. तालुक्याच्या गावी चाळीस वर्षे लोखंडी सामानाचे दुकान चालविणाऱ्या एका गृहस्थांचेही असेच झाले. उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी बधिर होऊ लागली, सही वाकडी येऊ लागली. तरी त्यांनी घरात अवाक्षर काढले नाही. एके दिवशी पाच किलोचे वजन हातातून निसटले, तेव्हा मुलाच्या ध्यानात आले. डॉक्टरांनी मानेचा एमआरआय काढण्यास सांगितले.

तपासणी केंद्रात प्रथम एक छापील कागद हाती आला. हृदयात पेसमेकर आहे काय, मेंदूतील रक्तवाहिनीस क्लिप लावली आहे काय, हाडात सळई वा पट्टी आहे काय, असे अनेक प्रश्न. मुलाने घाईने सर्व रकान्यांत ‘नाही’ लिहून कागद वडिलांपुढे सरकविला. वाचल्याशिवाय सही न करण्याची त्यांची जुनी शिस्त. ‘डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता काय?’ या ओळीवर त्यांचे बोट थांबले. विशीत असताना ग्राइंडरवरून उडालेला एक कण त्यांच्या डोळ्यात गेला होता. तो काढला होता. पण सगळा निघाला की नाही, हे सांगणारे आता कोणी नव्हते. त्यांनी ‘नाही’ खोडून ‘होय’ लिहिले. तंत्रज्ञाने तपासणी थांबविली आणि रेडिऑलॉजिस्टच्या सल्ल्याने आधी डोळ्यांचा एक्स-रे काढला. त्यात कण नाही याची खात्री झाल्यावरच त्यांना आत नेण्यात आले.

ही खबरदारी अनाठायी नव्हती. सर्वत्र आढळणाऱ्या १.५ टेस्ला यंत्राचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असते. त्यातील वेटोळी उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडविलेली असतात आणि चुंबक रात्रंदिवस चालूच राहतो. यंत्र शांत दिसले म्हणून तो बंद असतो असे नाही. डोळ्यात राहिलेला लोखंडाचा सूक्ष्म कण त्या ओढीने हलला, तर दृष्टी जाऊ शकते. शुद्ध सोने चुंबकाकडे ओढले जात नाही, तथापि दागिन्यातील अन्य धातू, फासे व साखळ्या तापू शकतात आणि चित्रही बिघडवितात. म्हणून मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या घरीच ठेवाव्यात.

या तपासणीत क्ष-किरण नसतात. शरीरातील पाण्यात असलेल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना चुंबक व रेडिओ लहरी चाळवितात आणि त्यांच्याकडून परत येणाऱ्या संकेतांवरून संगणक चित्र रचतो. १९७७ साली मानवी शरीराचे असे पहिले चित्र घेण्यास जवळजवळ पाच तास लागले होते. या शोधकार्यासाठी पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मानेच्या तपासणीस साधारण अर्धा तास पुरतो; परंतु आत पडलेल्या माणसाला तो फार लांब वाटतो. गृहस्थांच्या कानांत बोळे, मानेभोवती साचा आणि हाती रबरी फुगा देण्यात आला. असह्य झाल्यास तो दाबावयाचा. बोगद्याचे छत नाकापासून वीतभर अंतरावर. मग हातोडे पडावेत तसा ठकठकाट सुरू झाला. त्यांनी डोळे मिटून मनात नवकार मंत्राचा जप आरंभिला. मध्येच त्यांनी आवंढा गिळला, मान हलली आणि एक भाग पुन्हा घ्यावा लागला. फुगा दाबावा असे दोनदा वाटले. त्यांनी दाबला नाही. दाबला असता तरी त्यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते.

मानेच्या पाचव्या व सहाव्या मणक्यांमधील चकती सरकून शीर दबल्याचे अहवालात आढळले. शस्त्रक्रिया तूर्त टळली. औषधे व फिजिओथेरपी सुरू झाली. परतताना मुलगा म्हणाला, “बाबा, हाताचं इतके महिने सांगितलं का नाहीत?” वडील म्हणाले, “आणि तू मला न विचारता ‘नाही’ कसं लिहिलंस?” यावर दोघेही काही वेळ बोलले नाहीत.

त्याच रात्री दोघांनी बसून एक वही घातली. घरातील प्रत्येकाच्या शस्त्रक्रिया, स्टेंट, सळया, औषधांची ॲलर्जी व जुने अपघात तीत सालवार नोंदले. स्टेंट बसविताना मिळालेले आजींचे कार्डही तिथेच चिकटविले. कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन द्यावयाचे असल्यास मूत्रपिंडाचा विकार आधी सांगावा लागतो, तोही रकाना आखला. चौविहार पाळणाऱ्यांसाठी शेवटी एक सूचना लिहिली : तपासणीनंतर पाणी पिण्यास सांगतात, म्हणून वेळ सकाळची मागावी. वहीचे पहिले पान वडिलांनी आपल्याच हाताने लिहिले. अक्षर वाकडे आले, पण वाचता येत होते.