फुकटाची किंमत

ॲपल श्रेष्ठ की अँड्रॉइड, हा वाद महाविद्यालयांच्या उपाहारगृहांतही हिरिरीने चालतो. दोन्ही पक्षांचे वकील बिनपगारी असतात, हे त्यातले विशेष! वाद वस्तूच्या गुणांचा भासतो. खरा प्रश्न मात्र तिसऱ्याला बाजारात जागा उरली आहे काय, हा आहे.

नोकियाची कथा या दृष्टीने बोलकी आहे. २००७ साली आयफोन अवतरला तेव्हा ही फिनलंडची कंपनी मोबाइलच्या जागतिक बाजारात अग्रभागी होती. २०११ मध्ये तिने मायक्रोसॉफ्टची विंडोज प्रणाली पत्करली. २०१४ मध्ये तिचा फोनचा धंदाच मायक्रोसॉफ्टने विकत घेतला. एवढे भांडवल पाठीशी असूनही डाव फसला. यंत्र वाईट नव्हते. ग्राहक थोडे म्हणून ॲप रचणारे फिरकेनात, आणि ॲप नाहीत म्हणून ग्राहक येईनात.

गूगलने अँड्रॉइड प्रणाली उत्पादकांना विनामूल्य दिली. पण प्ले स्टोअर हवे असेल, तर गूगलची इतर ॲपेही फोनवर आधीच बसवावी लागत. फुकटाची वसुली अशी दुसऱ्या दाराने होते. भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अशा अटींबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला. आयोगाचे काही निर्देश मात्र रद्द केले.

दंडाने ग्राहकाची अडचण सुटत नाही. छायाचित्रे, पत्रव्यवहार, विकत घेतलेली ॲपे एका प्रणालीत रुजली, की स्थलांतराचा भुर्दंड त्याच्याच माथी येतो. आणि ज्या कारकुनाच्या पगारात आयफोन बसतच नाही, त्याच्यापुढे दोन पर्यायही नाहीत, एकच आहे.